कुरडईचा डॉलरमधला भाव

कुरडई एकटीनं होत नाही. हे आधीच सांगून टाकते. एकीनं चुलीवर चीक घोटायचा आणि दुसरीनं तो गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायचा. चीक थंड झाला की संपलं, मग मनगटं मोडली तरी धड कुरडई पडत नाही. आमच्याकडं घोटायची आई आणि दाबायची मावशी. मावशी सख्खी नव्हे, शेजारची. सोऱ्याही तिचाच, पितळेचा, चांगला वजनदार. तो बारा महिने आमच्याच स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेला असायचा.

बिडकीनच्या अलीकडं आमची जमीन होती. ती कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, पैसे आले आणि वडिलांनी शहरात, बायपासच्या पलीकडं घर बांधलं. शेजारच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत मावशी राहायला आली, तेव्हा बघताक्षणी ओळख पटली, ती आमच्याच शिवारातली. उन्हाळ्यात तिच्या सासरची मेंढरं आमच्या रानात बसायची आणि त्यांच्या लेंडीखताच्या बदल्यात आमच्याकडून ज्वारी जायची. ज्वारी न्यायला आली की ती ओट्याखालच्या पायरीवर बसायची. वर ये असं कुणी म्हणायचं नाही, आणि तीही यायची नाही. चहा प्यायली की कप विसळून पालथा घालून जायची.

शहरात आल्यावर ती पायरीच राहिली नाही. मावशी सरळ आत यायची, आईच्या पलंगावर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "आक्का, च्या टाक की. का आजबी पाण्याचं रडगाणं सांगतीस?" उष्टा कप तिथंच ठेवून गप्पा मारत बसायची. आईला इतक्या हक्कानं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. आमच्या नातेवाइकांत सगळ्या तोंडावर गोड. आईला मावशीशिवाय करमायचं नाही, हे मला तेव्हाही दिसत होतं.

मी तेव्हा घरी बसून लोकांच्या दुकानांच्या वेबसाइट बनवायचे. म्हटलं, जगाच्या बनवते तर घरची का नको? कुरडया, पापड, शेवया, सांडगे, सगळ्यांचे फोटो काढले आणि वर मोठ्या अक्षरात टाकलं, 'आईच्या हातची कुरडई'. फोटोतले हात मावशीचे होते. पण ते कुणाला खटकलं नाही, मावशीलाही नाही. ती गल्लीत सांगत फिरायची, "आमचं दुकान कांपुटरवर हाय."

मग परदेशातल्या मराठी बायकांचे निरोप यायला लागले. सगळ्यांचा एकच प्रश्न, आमच्याकडच्या पैशात किती पडेल? म्हणून मी साइटवर चलन बदलायची सोय करायला घेतली. किमतीशेजारी एक छोटी यादी, त्यात रुपया, डॉलर, पौंड, दिरहम. त्या दिवशीचा दर दुसरीकडून आपोआप यायचा आणि त्याप्रमाणं आकडा बदलायचा. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्याच दिवशी भागायच्या ऐवजी गुणलं, आणि अर्ध्या किलो कुरडईचा भाव सोळा हजार डॉलर दिसायला लागला.

मावशी माझ्या खांद्यावरून बघत होती. मी त्याचे रुपये किती होतात ते सांगितलं तर ती पोट धरून हसली. "आगं माय! आक्का, दोन पिशव्या गेल्या की बायपासवर बंगला बांधू. तू वरच्या मजल्यावर, मी खालच्या." आई म्हणाली, "अन् झाडलोट कोण करील?" मावशी माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ही की! हिनंच तर गुणलंय." मी हिशेब दुरुस्त केला. दोन डॉलर आणि वर काहीतरी. "येवढुसं?" मावशी म्हणाली, "मंग अमेरिकेत लई सस्ताई हाय की गं." आम्ही तिघी किती वेळ हसत होतो. तसं पुन्हा कधी हसलो नाही.

ती सोय झाल्यावर ऑर्डरी वाढल्या, आणि नेमका त्याच उन्हाळ्यात दुष्काळ पडला. जायकवाडी तळाला गेलं होतं. शहर वाढत वाढत चारी बाजूंनी पसरलेलं, आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. आमच्या भागात तर नळच नव्हता, सगळी मदार टँकरवर. रस्त्यावर निळ्या ड्रमांची रांग, आणि टँकर आला की भांडणं. अशात अमेरिकेतल्या एका बाईंची मोठी ऑर्डर आली. लेकीचं लग्न, रुखवतात मांडायला कुरडया हव्यात, पैसे आधीच भरते म्हणाल्या.

आईनं साफ नाही म्हणून सांगितलं. कुरडईला पाणी लागतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटल्यावर चीक निवळू द्यायचा आणि वरचं पाणी ओतून टाकायचं. प्यायला नाही तिथं गव्हाला कुठून आणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपला भरलेला ड्रम तिरका धरून, गोल गोल फिरवत आमच्या दारात घेऊन आली. "भिजू घाल गहू," म्हणाली. "आमी मायलेक, दोनच मान्सं. अंग पुसलं तरी भागतंय. पोरीच्या लग्नाचं काम हाय, नाय म्हनू नाय." गहू भिजले. ते तीन-चार दिवस ती ओल्या फडक्यानं अंग पुसून राहिली. चौथ्या दिवशी गच्चीवर चूल मांडली, आई घोटत होती, मावशी दाबत होती, आणि पांढऱ्याशुभ्र कुरडयांनी गच्ची भरून गेली.

पैसे आले. मी साइटवर डॉलर बघितले, मग यादीतून रुपया निवडला आणि आकडा बदललेला बघून मला एकदम वाटलं, हे बरोबर नाही. मावशीला यातलं काहीच मिळत नाही. मी आईला म्हटलं, "तिला रोजानं पैसे द्यायला पाहिजेत."

आई म्हणाली, "तिला सोबत घेऊन बाजारात जाऊ. चांगलं लुगडं घेऊ, तिच्या पसंतीचं."

"लुगड्यानं काय होतंय? तिच्या हक्काचे पैसे दे की."

"तिला काय वाटंल गं?"

"काय वाटायचंय? खूश होईल."

मी एका गृहउद्योगात विचारून रोजाचा दर काढला. वर थोडे घालून पाकीट केलं आणि आईच्या हातात दिलं. फार मोठा न्याय करतेय असं वाटत होतं मला. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मावशी नेहमीसारखी पलंगावर बसून चहा पीत होती. आईनं पाकीट पुढं केलं. मावशीनं आत बघितलं, नोटा मोजल्या.

"रोजानं धरलं व्हय, आक्का?"

"तसं नाय गं. ही म्हणाली की..."

"आन् पान्याचे किती धरले?"

मावशीनं पाकीट फेकलं नाही, भांडली नाही, नीट कमरेला खोचलं. मग उठली, आपला कप घेऊन मोरीत गेली, विसळला आणि पालथा घातला. आमच्या शहरातल्या घरात तिनं तोवर एकदाही कप विसळला नव्हता.

पुढच्या खेपेला ती आली, पण बोलावल्यावर आली. वेळेवर आली, गच्चीच्या जिन्यात खालच्या पायरीवर बसली, मुकाट्यानं दाबलं आणि ऊन कललं तशी हात धुऊन उभी राहिली. आईनं पैसे दिले. न देऊन करणार काय? आता ते नाही दिले तर आणखी वाईट दिसलं असतं. वर्षभरानं तिच्या मुलाला शेंद्र्यात कंपनीत काम लागलं आणि ती तिकडं राहायला गेली. जाताना सोऱ्या घेऊन गेली. तिचाच होता तो.

मला अजूनही वाटतं, तिला पैसे मिळायलाच हवे होते. फुकट राबवून घेऊन वर माया माया करणाऱ्यांचा मला संताप येतो. पण दुकान दोघींचं आहे असं म्हणता आलं असतं. अर्धा वाटा म्हणता आला असता, साइटवर दोघींचं म्हणून लिहिता आलं असतं. ती तर पहिल्या दिवसापासून 'आमचं दुकान' म्हणत होती. तिच्याइतकं साधं मला सुचलं नाही. आईनं नंतर दुसऱ्या बायका लावून पाहिल्या, पण तिचं मन लागेना. शेवटी मी कुरडईखाली 'सध्या उपलब्ध नाही' असं टाकलं. डॉलरचा दर अजूनही रोज सकाळी आपोआप बदलतो.

मागच्या उन्हाळ्यात आई स्वतःहून म्हणाली, "मला शेंद्र्याला ने." नेलं. मावशीनं दार उघडलं, "या, या" म्हणाली, आईला खुर्ची दिली. दुसरी खुर्ची रिकामी होती, तरी स्वतः उंबऱ्याजवळ खाली बसली. पोराबाळांचं, पावसाचं, पाण्याचं बोलणं झालं. आई खुर्चीवरून उठली आणि तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसली, तशी मावशी उठली. "च्या टाकते, बाई," म्हणाली.

"आक्का म्हण की गं," आई म्हणाली.

मावशी नुसती हसली. चहा झाला. निघताना तिनं फडताळातून पिशवी काढली. आत कुरडया होत्या, सुनेला हाताशी घेऊन केलेल्या, पांढऱ्याशुभ्र.

"घ्या. इकायच्या नायत बरं का, खायच्या हैत."

आईनं पिशवी माझ्याकडं दिली. मग आपला रिकामा कप उचलला, मोरीशी जाऊन विसळला आणि पालथा घातला. मावशी दारात उभी राहून बघत होती. राहू द्या, असं ती म्हणाली नाही.