दाराजवळ बसलेली बाई

नवरा गेल्यापासून माझ्या तोंडून प्रार्थना यायची, पण तिच्यात मी नसायचे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता वाकोल्यात. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे मी निव्वळ सवयीने लावायचे. आमच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे प्रार्थनाघरातल्या, काही जणींनी एकट्या पडलेल्या गरीब म्हाताऱ्यांना जेवण पोचवायचं काम सुरू केलं, तेव्हाही मी गेले ती घर खायला उठायचं म्हणून. माझ्या वाट्याला हाना मावशी आली.

मावशी युरोपात जन्मलेली. ती लहान होती तेव्हा तिकडे ज्यूंना घरांतून उचलून छळछावण्यांत नेत होते. एका शेतकरणीने तिला कोठारात लपवलं. तिथल्या फटीतून तिने आईवडिलांना ट्रकमध्ये चढवताना पाहिलं. ते परत आले नाहीत. युद्धानंतर मामाने तिला मुंबईत आणलं, पुढे तिने आमच्यातल्याच एका गिरणी कामगाराशी लग्न केलं. मूलबाळ नाही, नवराही जाऊन बराच काळ लोटलेला. चाळीतल्या ओल आलेल्या खोलीत ती एकटी राहायची. डबा उघडला की आधी एक पाव उशीखाली सरकवायची, मग जेवायला बसायची. एकदा मी न राहवून विचारलं, "मावशी, तू प्रार्थना का करत नाहीस?"

"आई करत होती," ती म्हणाली. "खूप करत होती."

मी रिकामा डबा धुवायला घेतला. नवरा गेल्यापासून माझ्याही मनात तेच होतं: प्रार्थना करून काय झालं?

थंडीत तिला ताप आला, आणि एका सकाळी पाहते तर श्वास लागलेला, ओठ काळे पडलेले. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. पण गाडीचं मागचं दार उघडलेलं दिसलं मात्र, मावशी किंचाळायला लागली. तिच्या बालपणीच्या भाषेत, जी आमच्यातल्या कुणालाच येत नव्हती. तिने जिन्याचा कठडा असा धरला की बोटं सुटेनात. ड्रायव्हर म्हणाला, "उचलून टाकूया, नाहीतर वाट लागेल." मी ओरडले, "नाही! उचलायचं नाही!" पण मग करायचं काय? मी भिंतीला टेकले आणि एलियाहू हन्नबीचं नाव घेतलं. आमचा संकटात धावून येणारा पैगंबर. म्हटलं, आता माझ्याच्याने होत नाही.

गल्लीत एक कोळीण मासे विकत होती. तिने टोपली खाली ठेवली. "काय झाला गो आजीला?"

"गाडीला घाबरतेय. तिच्या आईला असंच नेलं होतं," एवढंच मी बोलू शकले.

तिने पुढे काही विचारलं नाही. लुगडं सावरून ती आधी स्वतःच गाडीत चढली, दाराशी बसली आणि हात पुढे केला. "ये गो आये. मी हाय ना दाराजवल. मी उतरत नाय तवर तुला कोन कुठं नेत नाय."

तेवढ्या भीतीत मावशीला शब्द किती कळले ठाऊक नाही. ती कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने कठडा सोडला.

हॉस्पिटलच्या दारापर्यंत तो हात सुटला नाही. मी नाव नोंदवून परत आले तर बाई निघून गेलेली. तिची टोपलीही नंतर गल्लीत नव्हती. पुढे मी पार्ल्याच्या बाजारात विचारलं, वाकोल्यात विचारलं. कुणी ओळख देईना.

मावशी त्या आजारातून उठली नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं. "आईच्या ट्रकमध्ये," ती हळूच म्हणाली, "अशी कोणी चढली असेल का गं?"

तिचा हात हातात घेऊन मी तिच्याजवळ बसून राहिले.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. आमच्याकडे एलियाहूच्या नावाने मलिदा करतात, गोड पोहे आणि फळं ठेवतात. त्या ताटासमोर बसले की मावशीचा प्रश्न मी आहे तसा देवापुढे ठेवते. पूर्वी वाटायचं, उत्तरच मिळत नसेल तर देवाशी बोलायचं कशाला. आता त्या बाईसाठी आभार मानते, मावशीसाठी रडते, आणि उठून पुढच्या घराचा डबा भरायला घेते.