प्रभूला विचारून सांगतो

पाळकाची बायको झालं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी व्हरांड्यात येतात, खुर्ची ओढून बसतात आणि चहा मागतात! सोलापुरात आमची बारा वर्षं गेली. त्या बारा वर्षांत मी किती चहा केला ते देवाला ठाऊक. त्या चहावर किती निर्णय झाले नाहीत, तेही त्यालाच ठाऊक.

आमच्या मंडळीचे पाच पंच दर गुरुवारी पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे जमायचे. कुठलाही प्रश्न निघाला की उत्तर ठरलेलं, "प्रभूला विचारून सांगतो." त्यात सगळ्यांच्या पुढं दानिएल मास्तर. मिशनच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. वर्गात पोरांना "उत्तर पटकन सांग!" म्हणून छडी उगारायचे, आणि घरी गवार करायची की भेंडी, हेसुद्धा वरून विचारून घ्यायचे.

प्रार्थनेला माझी ना नाही. मीही करते. माझं म्हणणं एवढंच, की त्यानं उत्तर दिलं तर ते ऐकावं तरी!

*

एकदा देवळाच्या घंटेची दोरी तुटली. आम्ही ख्रिस्ती लोकही चर्चला देऊळच म्हणतो. तर प्रश्न असा, की नवी दोरी काथ्याची घ्यावी की सुताची? ज्या सोलापुरात गल्लोगल्ली माग खडखडतात, तिथं सुताच्या दोरीवर तीन गुरुवार प्रार्थना चालली! तीन रविवार घंटा नाही. अर्धी मंडळी उपासना संपता संपता यायची.

चौथ्या शनिवारी माझं डोकं फिरलं. मी अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि आमच्या माळ्याकडून घंटेला बांधून घेतली.

रविवारी घंटा वाजली. मास्तरांनी दोरीला भक्तिभावानं हात लावला आणि मला म्हणाले, "बघा पाळकीणबाई, धीर धरला की प्रभू पुरवतो!"

माझी लुगडी तेव्हा बाभळीवर वाळत होती.

*

मास्तरांची विचारायची खास पद्धत होती. डोळे मिटायचे, शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, मधूनच उघडायचं आणि पानावर बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते उत्तर.

एकदा पोट धरून आले. डॉक्टरांनी औषध दिलेलं, ते घ्यावं की नुसत्या विश्वासावर राहावं, असा पेच. डोळे मिटले, बोट ठेवलं. प्रेषित पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस, म्हणजे दारूच की, घेत जा म्हणून सांगितलंय, नेमकं तिथं बोट! आणि मास्तर म्हणजे आमच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष.

त्यांनी पुस्तक मिटलं. "वाऱ्यानं पान उलटलं," म्हणाले.

"मे महिन्यात? सोलापुरात? वारा?" मार्थाबाई म्हणाल्या. मार्थाबाई म्हणजे मास्तरांची बायको. महिन्यातून एखादं वाक्य बोलायच्या, पण ते असं!

मास्तरांनी पुन्हा उघडलं. या खेपेला देवाच्या निवासमंडपाच्या पडद्यांची मापं निघाली. त्या मापांवरून औषध घ्यायचं असं त्यांनी कसं काढलं, ते मला अजून कळलेलं नाही.

*

इथवर ठीक होतं. दोरी काय, औषध काय, हसून सोडून देता येतं. पण मग मिरजेहून पत्र आलं.

मास्तरांची मुलगी सलोमी आमच्या मुलींच्या शाळेत बिगरीच्या वर्गाला शिकवायची. वीस वर्षांची, हुशार, कामाला वाघ. तिनं मिरजेला नर्सच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला होता. तिला घेतल्याचं पत्र आलं. दहा जूनच्या आत हजर व्हायचं, नाही तर जागा दुसरीला. हातात महिना होता.

मास्तर म्हणाले, "प्रभूला विचारून सांगतो."

डोळे मिटले, बोट ठेवलं. आणि काय निघालं? देवानं अब्राहामाला आपला देश आणि बापाचं घर सोडून जायला सांगितलं, ते! मी टाळ्याच वाजवल्या. याहून साफ उत्तर देवानं तारेनं पाठवायचं बाकी राहिलं होतं.

मास्तर मान हलवत म्हणाले, "हे अब्राहामाला सांगितलंय. अब्राहाम पुरुष होता."

दुसऱ्या दिवशी बोट रूथवर पडलं. बाईमाणूस, घरदार सोडून परमुलखात निघालेली! आता तरी?

"रूथ सासूबरोबर गेली," मास्तर म्हणाले. "सलोमीला सासू कुठाय?"

म्हणजे आधी सासू शोधणं आलं!

*

सासू माढ्याकडे सापडली. तिचा मुलगा उपदेशक होता, तरुण, आणि मास्तरांच्याच वळणाचा. त्यानं आमच्या ह्यांना आधी कळवून ठेवलं, की मी मुलगी पाहणार नाही, प्रभूच दाखवील. शास्त्रातल्या रिबकेनं वाटसरूला पाणी दिलं आणि न सांगता त्याच्या उंटांनाही पाजलं, तशी खूण ज्या मुलीकडून मिळेल तीच माझी बायको.

उंट नव्हता म्हणून तो टांग्यानं आला.

मे महिना. आवारातल्या विहिरीनं तळ गाठलेला. सलोमी पहाटेपासून रांगेत उभी राहून एक घागर भरून निघाली होती. हा समोर उभा. "जरा पाणी मिळेल का?"

तिनं तांब्या भरून दिला. तो प्याला आणि उभाच राहिला. आणखी एक तांब्या प्याला. तरी उभा! मग आभाळाकडे बघत म्हणाला, "घोडाही लांबून आलाय बिचारा."

"टांगेवाले पाजतील की. नाक्यावर हौद आहे," असं म्हणून सलोमी घागर कमरेवर घेऊन चालू लागली.

तेवढ्यात मागून आमच्याकडे भांडी घासणारी रंगूबाई पुढं आली. साठीची बाई, चार नातवंडांची आजी.

"मुकं जनावर हाय रं लेकरा. आन की हिकडं, मी पाजते त्याला! लई तहानलं आसंल. एक सोडून धा घागरी वढीन की!"

मी व्हरांड्यातून ओरडले, "भाऊ, खूण पटली हो! आता लग्नाचं रंगूबाईला विचारून घ्या!"

तो त्याच टांग्यानं परत गेला. घोडा मात्र खरोखरच तहानलेला होता, रंगूबाईनं त्याला पाजूनच सोडला.

*

यात दहा दिवस गेले. मग मास्तरांना शास्त्रातला गिदोन आठवला. गिदोनानं लोकर अंगणात पसरली, सकाळी ती दवानं भिजलेली निघाली, आणि त्याला देवाची इच्छा कळली. मास्तरांनी बाजारातून धनगराची घोंगडी आणली. ओली झाली तर सलोमी जाईल, कोरडी राहिली तर नाही.

तुम्ही सोलापूरचा उन्हाळा पाहिलाय ना? तिथं दव!

पहिल्या सकाळी घोंगडी कोरडी. दुसऱ्या सकाळी कोरडी. तिसऱ्या सकाळी तर कडक. मी म्हटलं, "मास्तर, घोंगडी कशाला, पापड घाला. ते तरी वाळतील."

ज्या धनगराकडून ती घेतली, तो दुसऱ्या घोंगड्या विकत आमच्या दारावरून चालला होता. मास्तरांनी त्याला अडवून विचारलं, "लोकर अस्सल आहे ना रे? दव धरत नाही ही."

धनगरानं एकदा घोंगडीकडं बघितलं, एकदा आभाळाकडं. "मालक, लोकर लई चोख हाय. दव तेवढं कुठनं आनू?"

चौथ्या सकाळी घोंगडीचा एक कोपरा ओला! मी धावत गेले. सलोमी दारात उभी. मास्तरांनी कोपरा उचलला, वास घेतला, आणि शेजारी बांधलेल्या शेळीकडं बघत घरात गेले.

*

त्या दिवशी सलोमी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. रडली नाही. लसूण सोलत बसली, आणि सोलता सोलता म्हणाली, "बाई, ताई गेली तेव्हा तिच्याजवळ मी होते."

तिची थोरली बहीण लिया मंगळवेढ्याला दिली होती. पहिल्या बाळंतपणात गेली. दोन दिवस अडली होती आणि जवळ जाणतं माणूस कुणी नव्हतं.

"मी तिचा हात धरून बसले होते. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. जायचं ते मी त्याच दिवशी ठरवलंय, बाई. देवानं मला तेव्हाच सांगितलं. बाबा त्याला रोज विचारतात. मला एकदाही विचारलं नाही."

खरं सांगते, त्या पाच पंचांचा मला इतका राग आला, की सगळ्यांना त्या घोंगडीत गुंडाळून उन्हात ठेवावं!

मी तशीच ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही पाळक ना? मग मास्तरांना सांगा, पोरीला जाऊ द्या म्हणून!"

हे चष्मा काढत म्हणाले, "आपण याविषयी प्रार्थना करू."

त्या दिवशी मी ह्यांना जेवायला वाढलं नाही.

*

नऊ जून उजाडला. सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून छोट्या गाडीनं मिरज. ही गाडी चुकली की जागा गेली. पंचांनी शेवटी तोडगा काढला, की सामान घेऊन स्टेशनावर तरी जावं. तिथं प्रभू सांगेल तसं करावं. मास्तरांनी टांगेवाल्याला थांबवूनच ठेवलं. प्रभू नाही म्हणाला तर पोरगी आणि ट्रंक परत न्यायला!

प्लॅटफॉर्मवर आम्ही पाच जण. मास्तर, मार्थाबाई, सलोमी, हे आणि मी. गाडी उभी. मास्तर म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा."

मिटले. मास्तरांनी सुरुवात केली ती सृष्टीच्या उत्पत्तीपासून! प्रकाश झाला, पाणी वेगळं झालं, मासे झाले. नोहा तारवात चढेपर्यंत आमचा सगळा डबा भरला. इस्राएल लोक मिसरातून निघाले, आणि गार्डानं शिट्टी फुंकली.

मी डोळे उघडले. समोर मार्थाबाईंचेही उघडेच होते. खाली वाकून त्यांनी ट्रंकेची एक कडी धरली. मी दुसरी धरली. मग मार्थाबाईंनी सलोमीचं मनगट धरलं.

इंजिन ओरडलं तसा मास्तरांनी आवाज चढवला. चाकं खडखडायला लागली तसा आणखी चढवला. तांबडा समुद्र दुभंगला, यार्देन नदी ओलांडली. हळूहळू खडखडाट लांब गेला, आणि शांत झालेल्या प्लॅटफॉर्मवर मास्तर अगदी कळवळून म्हणाले, "तर हे प्रभो, या लेकरानं जावं की न जावं, ते आता, या घटकेला, आम्हाला स्पष्ट दाखव. आमेन."

"आमेन," मार्थाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर सारखा केला.

मास्तरांनी डोळे उघडले. समोर गाडी नव्हती. ट्रंक नव्हती. सलोमी नव्हती. हे माझ्याकडं बघायला लागले. मी बाहेर थांबलेल्या टांगेवाल्याकडं बघायला लागले.

मास्तरांनी मोकळ्या रुळांकडं बघितलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि हळूच म्हणाले,

"इतक्या लवकर?"