ती खोली मी धुतली

"मावशी, वरची खोली तू धुवून काढ. पाण्यात गोमूत्र टाक. दुसरी बाई नको म्हणती, तुला चालतंय."

असं म्हणाले आप्पा. अंगणात खुर्ची टाकून बसलेले, हातात चहा. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बादली कुठली घ्यायची तेवढं मात्र सांगितलं. हिरवी. संडासातली.

अंगणात त्या खोलीत राहणाऱ्या नीमाची बॅग पडली होती. वरून टाकलेली. लोखंडी जिन्यावरून गडगडत आली तेव्हा तिची चेन फाटली, आणि पुस्तकं, कपडे, आतले कपडे, सगळं फरशीवर पसरलं. नीमा वाकून एकेक गोळा करत होती. शेजारच्या गॅलरीत माणसं उभी. एकजण मोबाइलमध्ये शूटिंग घेत होता. कुणी खाली उतरलं नाही.

मीही तिच्याजवळ गेले नाही. बादली घेतली आणि जिना चढले.

आता सगळं सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगते. शाळेचं तोंड बघितलं नाही मी. चाकणला एका कंपनीत झाडलोट करायचे, तिथल्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जोडायला शिकले. 'हेल्मेट घाला'. 'बोट सांभाळा'. त्यामुळं माझं लिहिणंही तसंच, पाटीसारखं. गोड मानून घ्या.

आप्पांचा बंगला आकुर्डीच्या जुन्या गावठाणात. शेती कारखान्याला गेली, पैसा आला, बंगला झाला, बंगल्यावर खोल्या झाल्या. कॉलेजं जवळच, त्यामुळं खोल्या कधी रिकाम्या राहत नाहीत. भाडेकरूंनी घरातून जाऊ नये म्हणून बाहेरून लोखंडी जिना केलेला. तोच जिना माझा, पुढचं दार नाही. झाडू-फरशी करायची, भांडी घासायची, तीही मागच्या मोरीवर. स्वयंपाकघरात माझा पाय नाही. आम्ही बौद्ध. त्यावरून त्या घरात मला कुणी वाईट शब्द बोललं नाही कधी, खोटं कशाला सांगू. बोलायची गरजच पडत नव्हती. दारातूनच ताट पुढं सरकवलं की माणसाला आपली जागा कळते.

नीमा टांझानियाची. फार्मसी शिकायला आलेली. उंच, काळीभोर, दात असे पांढरे की हसली तर खोलीत उजेड पडावा. पहिल्या दिवशी मी जिना झाडत होते तर म्हणाली, "मामा, पानी?" मी म्हटलं, अगं मी बाई आहे, मामा कसली. ती पोट धरून हसली. तिच्याकडं आईला मामा म्हणतात. मग मी तिची मामाच झाले. तिची खरी आई तिकडं बाजारात मासळी विकायची. मासळी विकून पोरगी एवढ्या लांब पाठवलेली.

तिच्याकडं मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करतात, हातानं तोडून भाजीशी खातात. मी भाकरी नेली की ती म्हणायची, "सेम सेम, मामा." सेम काही नव्हतं. पण खायची पोरगी आवडीनं.

आता मुख्य गोष्ट. परदेशातलं माणूस घरात ठेवलं की घरमालकानं सरकारला कळवायचं असतं. भाडेकरारही नोंदवून द्यायचा असतो. तो कागद असेल तरच ह्या पोरांचा राहायचा परवाना पुढं वाढतो. हे मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की नीमा सारखी खाली येते, हात जोडते, "अंकल, अॅग्रीमेंट," आणि आप्पा म्हणतात, "देऊ की. मी काय पळून चाललोय व्हय?"

देणार नव्हतेच. वरचा मजला परवानगीशिवाय चढवलेला. कागद केला की मजला दिसणार. आप्पांचा मजला झाकलेला राहावा म्हणून पोरीचा परवाना संपला. संपला आणि ती बेकायदा झाली. झोपेतून उठून कॉलेजला जाणारी, अभ्यास करणारी पोरगी, आणि बेकायदा.

कॉलेजनं तिला पत्र दिलं, परवाना नीट करून आण, नाहीतर नाव कमी होईल. कॉलेजातून कुणीतरी आप्पांनाही फोन केला, पत्त्याचा पुरावा द्या म्हणून. फोन ठेवला आणि आप्पा जिना चढले. त्यानंतर बॅग खाली आली.

तर मी खोली धुतली.

भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं, ते खरवडलं. ओट्यावर शेगडीचा डाग होता, तो घासला. गादीच्या वर भिंतीला ती डोकं टेकून वाचत बसायची, तिथं केसांच्या तेलाचा गोल डाग पडला होता. तो राखेनं घासला. दाराच्या मागं तिच्या आईचा फोटो राहिला होता. डोक्यावर टोपली, हसते आहे. तो मी पोलक्यात घातला.

आप्पा वर येऊन गेले. म्हणाले, "तिचं काय राहिलं न्हाई पायजे. केससुदिक न्हाई." मला वाटलं, विटाळ. ह्या घराचा विटाळ मला जुना ओळखीचा. म्हणून मी आणखी घासलं.

संध्याकाळी बाहेर पडले तर आकुर्डी स्टेशनाजवळ नीमा फाटकी बॅग मांडीवर धरून बसलेली. ओढणीनं बांधली होती बॅग. मी शेजारी बसले, फोटो काढून दिला. तिनं फोटो पुसला. मग विचारलं, "मामा, तू मेरा रूम धोया?"

"धुतली."

"क्यों? गंदा था?"

 मी तिचा हात धरला आणि बसमध्ये बसवलं.

माझं घर पिंपळे गुरवला. दोनच खोल्या, पण स्लॅबच्या, आणि माझ्या नावावर. लेक चाकणला कंपनीत कंत्राटावर. तो शिफ्टवरून आला, नीमाला बघितलं, मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, हे पोलिसाचं लचांड आहे. तुला कळतंय का?" मी म्हटलं, तुझा बाप आणि मी ह्या शहरात आलो तेव्हा खोली शोधत हिंडायचो. आडनाव सांगितलं की खोली भरलेली असायची. तू पोटात होतास.  रात्री त्यानं बाहेरच्या खोलीत स्वतःचं अंथरूण घातलं आणि आतली खोली तिला दिली.

मग आम्ही परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात गेलो. मला धाकधूक होती, आत गेलं की पोरीला तिथंच धरून ठेवतील. बाहेर एक एजंट भेटला, म्हणाला, होस्टेलचा पत्ता टाकू, पत्र मी आणतो, कुणी बघत नाही. नीमा माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी म्हटलं, चल आत.

आत एक मॅडम होत्या. थकलेल्या, पण नीट बोलल्या. म्हणाल्या, "मुदत संपली म्हणजे सगळं संपलं असं नाही. पण लपून राहिलात तर संपेल. उशीर का झाला ते खरं लिहा. कॉलेजचं पत्र लावा. आता राहते त्या घराचा करार लावा. दंड होईल, तो भरा. आणि इतके दिवस ही कुठं राहत होती, ते आम्ही माणूस पाठवून बघणार. पत्ता खोटा निघाला तर देश सोडायचा कागद हातात येईल. मग मीही काही करू शकणार नाही."

म्हणजे पोरीचं शिक्षण आप्पांच्या एका 'हो'वर आलं. 'ती माझ्या बंगल्यावर राहत होती', एवढंच त्यांनी म्हणायचं.

करार केला. माझं नाव घरमालक म्हणून लिहिलं गेलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. पण हसू आलं नाही, कारण त्याच आठवड्यात तिकडून फोन आला होता. नीमाची आई दवाखान्यात.

नीमानं मॅडमना विचारलं, जाऊन येऊ का. मॅडमनी तिची फाइल उघडून बघितली. मग म्हणाल्या, "आत्ता गेलीस तर जायची परवानगी मिळेल. परत यायची खात्री मी देऊ शकत नाही." नीमानं तिथूनच आईला फोन लावला. मला भाषा कळत नव्हती. पण पलीकडून खोकत खोकत एकच गोष्ट परत परत सांगत होती ती बाई. नंतर विचारलं तर नीमा म्हणाली, "बोली, पढाई खतम करके आ."

थोड्याच दिवसांत नीमाची आई गेली. नीमा माझ्या ओट्यापाशी खाली बसली होती, हातात मोबाइल. तिकडं माती देत होते ते कुणीतरी दाखवत होतं. चित्र मधेच अडकायचं. एकदा अडकलं ते अडकलंच, खोरं वर उचललेलं. ती त्या अडकलेल्या चित्राकडं बघत बसली. मी पाठीवर हात ठेवला. 

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले. हो, अजून जात होते मी तिथं. पोट आहे. नीमा माझ्याकडं आहे हे मी तिथं कुणाला सांगितलं नव्हतं.

आप्पा मोरीपर्यंत चालत आले. पहिल्यांदाच. म्हणाले, "मावशे, आज हवालदार यील. इचारलं तर सांगायचं, वर कोण राहत नव्हतं. ती पोरगी मैतरणीकडं यायची जायची. खोली रिकामीच व्हती. बघ की, कशी लख्ख हाय."

लख्ख हाय.

हातात कढई होती माझ्या. तशीच राहिली. तेव्हा मला कळलं मी काय धुतलं होतं. मला वाटलं होतं विटाळ धुते आहे. मी तर पोरगी धुवून काढली होती. ती इथं जगली, झोपली, शिकली, ते सगळं माझ्या हातानं पुसून घेतलं होतं त्यांनी. आणि माझे हात का, तर मला चालतंय.

हवालदार आले. वयस्कर होते. आप्पांनी खुर्ची दिली, चहा मागवला. ओळखीपाळखी निघाल्या. आप्पा म्हणाले, "हितं कुणी फॉरेनचं न्हाई राहिलं, साहेब. इचारा कामवालीला. घरचीच हाय ती."

घरची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हवालदार म्हणाले, "काय मावशी?"

मी हात पदराला पुसले. म्हटलं, "ती खोली मी धुतली, साहेब. गोमूत्र टाकून. ह्यांनीच धुवायला लावली. तिथं माणूस राहिलंच नव्हतं, तर धुवायला कशाला लावली, ते विचारा त्यांना."

 आतून वहिनी, आप्पांची बायको, दारात आल्या.

आप्पा हसले. "अडाणी बाई हाय, साहेब. तिला काय उमगतंय."

"वर चला," मी म्हटलं. "भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. मी राखेनं घासला, पण तेल भिंतीत मुरलेलं असतं. पुरता गेला नाही. दाखवते."

मी पुढं, हवालदार मागं. लोखंडी जिना वाजत होता. खोलीत उजेड होता, आणि डाग होता. फिका, पण गोल. मी खाली बसले, नीमा बसायची तशी, आणि डोकं टेकवून दाखवलं. मी बुटकी, माझं डोकं डागाच्या खाली राहिलं. म्हटलं, "ती उंच आहे. तिचं बरोबर इथं येतं."

हवालदारांनी फोटो घेतला. हातातला कागद बघितला, माझं नाव विचारलं, पुन्हा कागद बघितला. म्हणाले, "म्हणजे आता ती तुमच्याकडं आहे होय." मग म्हणाले, "अंगठा करता का सही?"

"सही."

खाली आलो तर आप्पा उभे होते. "इतकी वर्सं पोसली तुला."

मी म्हटलं, "पोसलं नाही. राबले मी." चप्पल घातली. कढई मोरीत तशीच राहिली, अर्धी घासलेली. ती कुणी घासली मला माहीत नाही.

नीमाचा परवाना आला. दंड भरावा लागला, परीक्षा एक हुकली ती हुकलीच. आता तिला मोकळेपणानं देशाबाहेर जाऊन परत येता येतं. मी म्हटलं, जाऊन ये गावाला. म्हणाली, "अब किसके लिए, मामा?" तिच्या आईचा फोटो माझ्या ओट्याच्या वर लावला आहे. पोळ्या करताना ती बाई माझ्याकडं बघून हसत असते, आणि मला तिच्या नजरेला नजर देता येत नाही. कागद दुरुस्त होतो. मरणारं माणूस थांबत नाही तोवर.

परवा वहिनींचा फोन आला. गोड आवाज. "मावशी, झालं गेलं सोडून दे गं. वरची खोली नव्या भाडेकरूला द्यायचीये. भिंतीवरचा तो डाग काही जाईना, रंग दिला तरी वर येतो. तुझ्याच हातानं जाईल. तू ये. दुसऱ्या बायका नाकं मुरडतात, तुला चालायचं की."

मी म्हटलं, "मला चालत नव्हतं, वहिनी. तुम्ही कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. आता सांगते. मला चालत नाही."

त्या म्हणाल्या, "अगं, पण तो डाग..."

"आणि तो डाग राहू द्या," मी म्हटलं. "परत कुणी विचारायला आलं, तर दाखवायला मी येईन. पुढच्या दारानं येईन."