दोन फळ्या

"काही नाही मॅडम, घमेलं पडलं," इंजिनिअर साहेब पाहुण्यांना सांगत होता.

मी जिना उतरून धावत आले तेव्हा हेच ऐकलं. लिफ्टसाठी सोडलेल्या खड्ड्यात माझी मोठी जाऊ, गया, पडली होती. तिसऱ्या मजल्यावरून. घमेलंही पडलं होतं, ते खोटं नव्हतं. साहेबाने पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवलं. मग आला, खड्ड्यात वाकून बघितलं आणि मला म्हणाला, "तुम्हा बायकांना खाली बघून चालता येत नाही?"

नाही येत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर सिमेंट-वाळूच्या मालाने भरलेलं घमेलं. मान वाकवली की माल अंगावर. म्हणून आम्ही पायांनी बघतो. पायऱ्या किती, उंबरा कुठं, सगळं पायाला पाठ असतं. तिसऱ्या मजल्यावर जिना संपला की तो खड्डा. पलीकडं जायला त्यावर दोन फळ्या टाकल्या होत्या. पायाला फळीची कड लागली की पाऊल उचलून वर टाकायचं. महिनाभर आम्ही तशाच चाललो.

त्या सकाळी फळ्या मी काढल्या.

लागोपाठ दोन सालं गंगापूरकडं पाऊस नव्हता. गावात हंडाभर पाण्यासाठी भांडणं. आम्ही दोघी जावा पडेगावला बिल्डिंगीच्या कामावर आलो. इथं टँकरने पाणी यायचं आणि नव्या भिंतींवर मारायचे. माणसांना नाही, भिंतींना पाणी. ते पाणी खाली उतरून दारात चिखल व्हायचा. त्या दिवशी घर बघायला पाहुणे आले. नवरा, बायको, म्हातारी सासू. साहेब मला म्हणाला, "लिफ्टवरच्या फळ्या आण. पंधरा मिनिटांचं काम आहे." मी एकेक करून दोन्ही आणल्या, चिखलावर टाकल्या. त्यावरून पाहुणे चालले.

गया वाळूच्या ढिगाजवळ माल भरत होती. तिने बघितलं आणि हळूच म्हणाली, "का गं, ह्यांच्या पायाला चिखल लागला तर घर बाटतंय व्हय?"

मी हसले. लई हसले. फळ्या कुठल्या, हे सांगायचं राहिलं. पाहुणे आता जातील, मग परत नेऊ, असं मनात होतं.

पाहुणे चहाला थांबले. गयाने घमेलं उचललं. मी तिच्या मागं. जिन्यात मध्येच मला आठवलं. "गयाबाई, थांब," म्हटलं. ती वर पोचली होती. पायाला कड लागली नाही. पुढं असेल म्हणून तिने आणखी एक पाऊल टाकलं.

दवाखान्यात न्यायला गाडी लवकर मिळाली नाही. साहेबाची गाडी उभी होती. तिच्या सीटा धुतलेल्या होत्या, असं ड्रायव्हर म्हणाला. रिक्षात गयाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखाना येण्याआधी ती संपली.

दुसऱ्या दिवशी मुकादम कागद आणि शाईचा डबा घेऊन आला. दिराने, गयाच्या नवऱ्याने, आधीच अंगठा दिला होता. त्याला मयत गावी न्यायचं होतं, त्याशिवाय नेऊ देईनात. आता साक्षीदार म्हणून माझा पाहिजे होता. मुकादमाने माझा हात धरला. "लाव, बाई. नुसतं नावाला आहे."

मी चौथी शिकलेली. कागदावर बोट ठेवून वाचलं. लिहिलं होतं, मयत बाई निष्काळजीपणे चालत होती.

साहेब खुर्चीवर बसला होता. म्हणाला, "हिला काय कळतंय? अंगठा घे आणि पाठव."

मी हात सोडवून घेतला.

"मला वाचता येतं," मी म्हणाले. "फळ्या मी काढल्या. तुम्ही सांगितलं म्हणून काढल्या. हे लिहा. खाली माझी सही करते."

कुणी लिहिलं नाही. मला कामावरून काढलं. गयाच्या मरणाचं पुढं काही झालं नाही, कुणाला काही झालं नाही. पुढं मी पंचवीस वर्षं कामं केली. कुठंही गेले की आधी रिकाम्या हाताने सगळे मजले फिरायची. भोक उघडं दिसलं की खाली येऊन बसायची. झाका, मग उचलते. नव्या बायकांना सांगायची, फळी हलवली तर ओरडून सांगा, हसत बसू नका. मुकादम शिव्या द्यायचे, हाकलायचे. मी दुसरीकडं जायची. तिथंही आधी फिरायची. आता गुडघे गेले, कामं संपली. तरी शेजारची पोरगी कामाला निघाली की तिला तेच सांगते. मरेपर्यंत सांगणार.

फळ्या काढल्या मी. पाय तिचा पडला. गया मेली. मी जगले.