राजूरचं कोळशाचं गाणं आणि वगळलेलं कडवं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या शेजारच्या टेबलावर वंदना बसते. ती मूळची वणीची. दसऱ्याच्या आधी तिने मला मोबाइलवर एक गाणं ऐकवलं. चाल भुलाबाईच्या गाण्याची होती, शब्द मात्र कोळशाच्या ट्रकबद्दलचे. विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली-बायका संध्याकाळी मातीच्या भुलाबाईपुढे फेर धरून गातात. माहेर, सासर, नणंद, खाऊ, असे त्या गाण्यांचे विषय. त्यात कोळसा कसा शिरला हे मला पाहायचं होतं. गाणारी बाई राजूरला राहते, असं वंदना म्हणाली आणि तिने सलीमभाई नावाच्या मेकॅनिकचा नंबर दिला. मी तीन दिवसांची रजा टाकली.

नाशिकहून रात्रीच्या गाडीने वर्धा गाठलं आणि तिथून यवतमाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे या प्रवासात एसटीच परवडते. वाटेत कळंबला उतरले. चिंतामणीचं मंदिर रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. पायऱ्या उतरत गेलं की बाहेरचा आवाज कमी होतो आणि दगडाचा गारवा लागतो. सकाळी गर्दी नव्हती. दर्शन पंधरा मिनिटांत झालं. बाहेर तर्री-पोहे घेतले. तर्री वेगळी मागा, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईल.

पोहे खात असतानाच देवीच्या विसर्जनाची मिरवणूक आली आणि डीजेवर तेच गाणं लागलं. चाल तीच, पण ठेका दुप्पट वेगाचा. पोरं नाचत होती आणि एकच कडवं पुन्हा पुन्हा वाजत होतं:

*ट्रकवाल्या मेल्या, तुले दिसत नाही काय?*
*तुह्या घरी नाही का रे म्हातारी माय?*

मलाही पाय हलवावेसे वाटले, हे कबूल करते. पोहेवाल्याला विचारलं, "हे गाणं कोणाचं हो?"

"डीजेचं," तो म्हणाला. "यंदा हेच चालून राह्यलं सगळीकडं."

यवतमाळला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी वणीची गाडी पकडली. करंजी सोडल्यावर दोन्ही बाजूंना कपाशी सुरू होते. मारेगावच्या आसपास बोंडं फुटायला लागली होती आणि सोयाबीनच्या गंज्या उभ्या होत्या. रस्ता चांगला आहे. वणीनंतर मात्र काठावरच्या झाडांची पानं हळूहळू काळपट होत जातात. वणी ते राजूर शेअर ऑटो मिळतो. रुमाल जवळ ठेवा.

सलीमभाईंचं गॅरेज वणी रस्त्यालाच आहे. पन्नाशीचा माणूस, हाताला ग्रीस, आणि टूलबॉक्सच्या शेजारी कापडात गुंडाळलेली ढोलक. दिवसा गाड्या दुरुस्त करतात, एरवी लग्नात, कव्वालीत, भुलाबाईत, कोणी बोलावेल तिथे वाजवतात.

"आप आये तो सही," ते म्हणाले, "पण शांताबाईनं ते गाणं म्हणणं बंद केलं. गलती माही आहे."

त्यांनी जे सांगितलं ते असं. शांताबाईंचं घर ट्रकच्या रस्त्यावर. उघड्या ट्रकमधून कोळशाची भुकटी उडते आणि चुलीपर्यंत पोचते. मागच्या वर्षी बायकांनी अर्ज दिले, काही झालं नाही. यंदा शांताबाईंनी भुलाबाईत गाणं बांधलं. सलीमभाईंनी ते फोनवर रेकॉर्ड केलं. गॅरेजला गाडी घेऊन आलेल्या एका डीजेवाल्याने ते मागून घेतलं.

"मी खुशीनं दिलं," सलीमभाई म्हणाले. "वाटलं, बाईचं नाव होईन."

संध्याकाळी ते मला शांताबाईंकडे घेऊन गेले. साठीच्या आत-बाहेरच्या, बारीक, ताठ बसणाऱ्या बाई. त्यांनी आधी चहा दिला, मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"हा थैलीत ठेवा, बाई. एका मोबाइलनं झालं तेवढं बम झालं."

मी फोन पर्समध्ये टाकला. तेवढ्यात एक तरुण आत आला आणि उंबऱ्याजवळच बसला. हा प्रकाश, शांताबाईंचा जावई. दोन गल्ल्या सोडून राहतो आणि कोळशाचा ट्रक चालवतो. ट्रकवाल्याचं कडवं बांधलं तेव्हा तो चंद्रपूरकडे दुसऱ्या गाडीवर होता. राजूरच्या खेपा त्याला नंतर मिळाल्या.

"मामी, गाणं तुमी केलं अन् शिव्या मले पडून राह्यल्या," तो म्हणाला. आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. "धाब्यावर बसलो का पोट्टे मले पाहून तेच गाते. ठेकेदार म्हणे, सासूले आवर, नाही तं चाबी ठेव. उद्याच्या ग्रामसभेत आमा सगळ्या ड्रायव्हरले बसाले सांगतलं. तुमी उठल्या का आमी ओरडाचं."

"तुमीही ओरडसान, जावईबुवा?"

प्रकाशला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. शांताबाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"मी तं सायबावर बी कडवं केलं होतं," त्या सलीमभाईंकडे वळून म्हणाल्या. "ते कोनं खाल्लं?"

"डीजेवाल्यानं काढलं. म्हणे, त्याच्यावर पब्लिक नाचत नाही."

ते वगळलेलं कडवं त्यांनी मला नुसतं बोलून दाखवलं:

*सायबाच्या बंगल्यावर झाडाची सावली,*
*आमच्या भाकरीवर बाई धूळ कोनं लावली?*

कळंबला मी ज्या गाण्यावर पाय हलवणार होते, त्यात साहेब नव्हताच. सगळा राग एका ड्रायव्हरवर आणून सोडला होता, आणि तो ड्रायव्हर माझ्यासमोर पाणी पीत होता.

दिवेलागणीला अंगणात भुलाबाई मांडली. पंधरा-वीस बायका आणि मुली होत्या. सलीमभाईंनी ढोलक धरली. माहेरची, नणंदेची, सगळी गाणी झाली, कोळशाचं झालं नाही. शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. मी तीनदा चुकले. शेंगदाण्याचे लाडू होते. जेवायला अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. झोपायची सोयही शांताबाईंनीच केली. राजूरला लॉज शोधू नका, वणीला उतरणं सोयीचं.

ग्रामसभा सकाळी अकराला होती. तालुक्याहून एक अधिकारी आले होते. बायका सतरंजीवर बसल्या, ड्रायव्हर दाराशी उभे राहिले. बायकांच्या मागण्या साध्या होत्या: ट्रकवर ताडपत्री बांधा, रस्त्यावर दोन वेळा पाणी मारा, शाळेसमोरून ट्रक नेऊ नका. अधिकारी म्हणाले, "लेखी द्या, वरती पाठवतो."

"मागच्या सालीही लेखीच देल्लं होतं, सायेब," म्हणत शांताबाई उठल्या.

दाराशी दोघे-तिघे ओरडायला लागले. "बस खाली!" प्रकाश ओरडला नाही. तो जमिनीकडे पाहत होता. शांताबाई थांबल्या नाहीत. ढोलक नव्हती, टाळी नव्हती. पहिलं कडवं त्यांनी हळू म्हटलं:

*पांढरं लुगडं धुतलं बाई, वाळू कुठं घालू?*
*दारावरून ट्रक जाते, सांग कशी चालू?*

मग साहेबाचं कडवं. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. आता ट्रकवाल्याचं कडवं येणार हे सगळ्यांना माहीत होतं. एक-दोन पोरं हसायलाही लागली होती. शांताबाई क्षणभर थांबल्या आणि त्याच चालीवर म्हणाल्या:

*ट्रकवाला जावई माहा, खोकला त्याच्या छातीत,*
*मालक बसला दूर बाई, आमी सारे मातीत.*

हे कडवं कोणी ऐकलेलं नव्हतं. दाराशी ओरडणारे गप्प झाले. ड्रायव्हरांतला एक वयस्क माणूस मान हलवत म्हणाला, "खरी गोष्ट आहे." आणि मग प्रकाश पुढे आला.

"सायेब, ताडपत्री गाडीतच राह्यते. बांधाले अर्धा घंटा लागते. ठेकेदार थांबू देत नाही, खेपा मोजते. हे बी लिहा."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि वाचूनही दाखवलं. तिन्ही मागण्यांचा ठराव झाला. बाहेर आल्यावर शांताबाई जावयाला काही बोलल्या नाहीत, फक्त त्याच्या शर्टाच्या खांद्यावरची काळी भुकटी पदराने झटकली. तो म्हणाला, "चाबी गेली समजा, मामी."

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचे डोळे भरले.

दुपारच्या गाडीने मी निघाले. सलीमभाई वणीच्या बसस्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत मी विचारलं, डीजेवाल्याला नवं कडवं देणार का? ते म्हणाले, "बाई सांगन तं देईन. पूछे बिना नाही देणार आता."

नाशिकला परत येऊन आता महिना होत आला. हे लिहायच्या आधी मी प्रकाशच्या बायकोला, ज्योतीला, फोन केला. प्रकाशची गाडी दुसऱ्याच दिवशी काढून घेतली होती. तीन आठवडे तो घरी होता. आता वणीत चुन्याच्या गाडीवर लागला आहे. पगार थोडा कमी आहे आणि धूळ तिथेही आहे, पांढरी. राजूरला बहुतेक ट्रक ताडपत्री बांधून जातात. पाण्याचा टँकर कधी येतो, कधी येत नाही. शाळेचा रस्ता अजून तोच आहे. मिरवणुकीतलं गाणं जसं होतं तसंच वाजतं आहे.

या पोस्टला गाण्याची फीत जोडलेली नाही, कारण मी ते रेकॉर्ड केलं नाही. सभेत फोन पर्समध्ये होता आणि तो काढावा असं मला वाटलंही होतं. शब्द छापायला शांताबाईंनी परवानगी दिली आहे, पण एका अटीवर: चारही कडवी छापायची, एकही गाळायचं नाही. चारही वर आली आहेत. कोणी पुढे पाठवणार असाल तर चारही पाठवा.

फोन ठेवण्याआधी मी ज्योतीला विचारलं, पुढच्या वर्षी भुलाबाईत आई हेच गाणं म्हणतील का. ती तेव्हा माहेरीच होती, तिने आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "आई म्हणते, धूळ गेली तं गाणं जाईन. नाही गेली तं कडवे वाढन."