रिकाम्या गोडाऊनमधला अल्बम

आमच्या पहिल्या अल्बममधले शब्द कुणालाच नीट ऐकू येत नव्हते, आणि तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

आम्ही तिघं. मी ड्रम वाजवतो. गिटार वाजवणारा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याची मूळ शेती वालूरला आणि परभणीत मोंढ्याजवळ बी-बियाणं अन् खतांचं दुकान, त्यामुळे त्याला सगळे मालक म्हणतात. गाणारी कॉलेजात आमच्या मागच्या वर्गात होती, झरीची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली तेव्हा आम्ही चेष्टेत तिला मॅडम म्हणायला लागलो. चेष्टेतला मान पुढं अंगवळणी पडला आणि आता मला त्यांच्याबद्दल एकेरीत लिहिता येत नाही. बेस गिटारही त्याच वाजवायच्या, गाता गाता. मी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून आहे, म्हणून मी साहेब. असे मालक, मॅडम आणि साहेब मिळून आम्ही रॉक वाजवायचो.

परभणीत ‘आमचा बँड आहे’ म्हटलं की समोरचा विचारतो, वरातीला किती माणसं येतात तुमची. समजावून सांगायचा नाद आम्ही लवकरच सोडला. माझे वडील पाहुण्यांना कित्येक वर्षं सांगत होते की पोरगा इंग्रजी ताशा वाजवतो. ते वाक्य ऐकून मॅडमचे यजमान असे हसले होते की त्यांच्या हातातला चहा सांडला.

तालीम दुकानामागच्या गोडाऊनमध्ये व्हायची, रविवारी दुपारी, मोंढा बंद असताना. तीन बाजूंनी खताची पोती पत्र्यापर्यंत रचलेली आणि मधल्या मोकळ्या जागेत आम्ही. युरियाचा वास नाकात बसायचा, डोळे चुरचुरायचे, पण आवाज असा यायचा की विचारू नका. कोरडा, घट्ट. पायाच्या मोठ्या ड्रमवर, किकवर, पाय मारला की छातीवर थाप पडल्यासारखं वाटायचं आणि पुढच्या क्षणी सगळं शांत. पोती आवाज पिऊन टाकत होती हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं, आपण चांगलं वाजवतो.

त्या आवाजातच पहिला अल्बम झाला. मालकाच्या पायाखाली डिस्टॉर्शनचं पेडल असायचं. ते दाबलं की गिटारचा सूर फाटतो आणि घरघरायला लागतो. गाणं सुरू होताना तो ते दाबायचा आणि गाणं संपल्यावरच पाय काढायचा. मॅडम त्या घरघरीवरून ओरडून गायच्या. हॉस्टेलवरच्या पोरांना ते फार आवडलं. गॅदरिंगला आम्हाला बोलावणी यायला लागली, पोरं स्टेजसमोर उड्या मारायची, आणि घाम पुसत घरी जाताना मला वाटायचं की आठवडाभर ऑफिसात फायली बांधल्याचं सार्थक झालं.

मग मॅडमना मुलगी झाली आणि वर्षभर सगळं थांबलं.

त्या परत आल्या तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. यजमान मोटारसायकलवरून घेऊन आले, मुलगी मांडीवर. ते बाहेर ओट्यावर मुलीला घेऊन बसले आणि आम्ही शटर वर केलं. गोडाऊन रिकामं होतं. त्या साली एकूण एक पोतं शेतकऱ्यांच्या घरी गेलेलं. खाली नुसती फरशी, वर पत्रा, आणि कोपऱ्यात फाटक्या पोत्यांचा ढीग. एवढी मोठी जागा आहे हे मला पहिल्यांदाच दिसलं.

आम्ही जुनं गाणं धरलं. मी एक ठोका मारला आणि तो पत्र्यावर, भिंतीवर आदळत फिरून माझ्याकडेच आला, तोवर मी दुसरा मारलेला. मालकाने पेडल दाबलं आणि गिटारचा नुसता चिखल झाला. कुठला सूर कुठं संपतोय काही कळेना. बाहेर मुलगी दचकून रडायला लागली. आम्ही थांबलो, ती शांत होईपर्यंत गप्प बसून राहिलो.

त्या शांततेत मॅडम हळू आवाजात काहीतरी गुणगुणायला लागल्या. माईक बंदच होता. शाळा सुटल्यावर फाट्यावर एसटीची वाट बघत उभं राहावं लागतं, त्याचं गाणं त्यांनी घरी बसून केलं होतं. ऊन, टपरीची सावली, सावलीत दाटीने उभे असलेले मास्तर आणि मॅडम, आणि न येणारी गाडी. चाल अगदी साधी, एकदा ऐकली की तोंडात बसणारी. रिकाम्या गोडाऊनने तो आवाज उचलला आणि वर नेऊन अलगद सोडून दिला. तोच प्रतिध्वनी, ज्याने आमचं जुनं गाणं मातीत घातलं होतं.

मी काठ्या ठेवल्या आणि पुढ्यातल्या लहान ड्रमवर, स्नेअरवर, बोटांनी ताल धरला. बोटं दुखायला लागली तेव्हा कोपऱ्यातल्या खराट्याच्या काड्या काढल्या, जुडी करून चिकटपट्टीने बांधली आणि त्या जुडीने वाजवायला लागलो. सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज यायला लागला. मुलगी झोपली, असं यजमानांनी दारातून खुणेनं सांगितलं. मालकाने पेडलवरचा पाय काढून दोन-तीन सूर वाजवले, मग गिटार पेटीत ठेवली आणि आज एवढं पुरे म्हणाला.

पुढच्या रविवारांत आणखी गाणी आली. सगळी मॅडमची, सगळी तशीच. ध्रुवपद दोनदा यायचं, तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याने बरोबर म्हणावं असं. मला ती आवडायला लागली होती आणि जोरात वाजवायची हौसही सुटलेली नव्हती. दोन्ही खरं होतं. मालक मात्र दर रविवारी थोडा उशिरा यायचा. एकदा पोत्यांच्या ढिगावर बसून चहा पिताना तो बोललाच.

“हे पॉप हाय मॅडम. गोड गोड. मंग आपल्यात अन् ऑर्केस्ट्रात फरक काय ऱ्हायला?”

मग मॅडमनी वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील निवृत्त हेडमास्तर. झरीत जयंतीला त्यांच्या गायनपार्टीशिवाय कार्यक्रम होत नाही. पेटी घेऊन बसले की मागच्या बायांपर्यंत एकेक शब्द पोचतो. आमच्या पहिल्या अल्बमनंतर ते एका गॅदरिंगला आले होते. कार्यक्रम संपेपर्यंत कानाला हात न लावता बसले. जाताना गाडीत त्यांनी लेकीला विचारलं की गाणं कशावर होतं. मॅडमनी शब्द म्हणून दाखवले. ते म्हणाले, शब्द तर चांगले आहेत, मग झाकून का ठेवले?

“तवा मला राग आला होता,” मॅडम म्हणाल्या. “आता वाटायलंय, आपण काहीतरी सांगायलोत तर ते ऐकू यावं. त्याला पॉप म्हणा न्हाईतर काही म्हणा.”

मालक म्हणाला, करा मग. रागात नाही, पण मनापासूनही नाही.

आम्ही दुसरा अल्बम त्या रिकाम्या गोडाऊनमध्येच रेकॉर्ड केला, रब्बीचा माल यायच्या आत. नांदेडहून एक साउंडवाला यंत्रं घेऊन आला. त्याने टाळ्या वाजवून जागा ऐकली आणि पत्र्याखाली सतरंज्या टांगू का विचारलं. मॅडम नको म्हणाल्या. फाट्याच्या गाण्यात मध्येच सगळे थांबतात आणि गिटार एकटी वाजते, अशी जागा होती. ती जागा मालकाने इतक्यांदा परत परत वाजवली की साउंडवाला जेवून आला तरी ती चालूच होती. शेवटी झाली.

अल्बम इंटरनेटवर चढवला आणि हॉस्टेलच्या पोरांनी खाली लिहायला सुरुवात केली. तुम्ही पण विकले गेलात. आता हळदीला बोलवू. एकाने फक्त झोपलेल्या माणसाचं चित्र टाकलं. मी दोन दिवस बघितलं आणि मग बघायचं सोडलं. मॅडमना शाळा आणि मुलगी यातून वेळच नव्हता. मालक मात्र दुकानात गिऱ्हाईक नसलं की एकेक वाचायचा आणि मला पाठवायचा. हे बघ म्हणायचा.

हिवाळ्यात गंगाखेडला एका कॉलेजच्या गॅदरिंगचं बोलावणं आलं. संध्याकाळची वेळ, मैदानात मांडव. पुढच्या रांगांत मुली बसलेल्या, मागे पोरांचा घोळका उभा. आम्ही नवीन गाणी सुरू केली आणि मागून आवाज यायला लागले, जुनं वाजवा. काहीजण उठून गेले. मुली मात्र ऐकत होत्या.

फाट्याच्या गाण्यात ती एकट्या गिटारची जागा आली. आम्ही दोघं थांबलो. मालकाने पहिले सूर वाजवले, त्यातला एक घसरला, आणि त्याने पेडल दाबलं. एकदम घरघराट झाला. मागची पोरं ओरडली, शिट्ट्या वाजल्या. त्याने मान खाली घालून जोरजोरात वाजवलं, जुन्या अल्बमसारखं. मॅडम बेसच्या तारांवर हात ठेवून समोर बघत उभ्या राहिल्या. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी काड्यांनी हळूच ताल धरला, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. ती फेरी संपली तसा त्याने पाय काढला. मॅडमनी जिथं सोडली होती तिथूनच ओळ धरली आणि त्याच शांत आवाजात गाणं पुरं केलं. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. सगळ्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त टाळ्या त्याच गाण्याला पडल्या.

परतताना मालकाची गाडी होती. कारखान्याच्या रस्त्याला चहासाठी थांबलो. उसाच्या ट्रॉल्या धूळ उडवत चालल्या होत्या. मग मालक बोलला, गाडीच्या बोनेटकडे बघत.

“जुन्या गाण्यात हुकलं तरी त्या आवाजात खपून जातंय. हितं एक सूर घसरला की समद्यांना कळतंय. मला साधं वाजवता येईना मॅडम. इतकी वर्षं झाली, अन् साधं येईना.”

“मंग सांगायचं की आमाला,” मॅडम म्हणाल्या.

“काय सांगू? पोरं पॉप म्हणायलेत, तेच बरं होतं मला. भांडायला कारण होतं.”

मॅडम चहाचा कप फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाळंतपणानंतर माझा आवाज वर जाईना झालाय. जोर केला की फाटायलाय. ती जुनी गाणी मला आता म्हणताच येत न्हाईत. मी तरी कुठं सांगितलं तुमाला?”

मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. पावसाळ्यापासून हे दोघं रॉक आणि पॉपवर वाद घालत होते आणि दोघांनाही वाद त्याचा नाही हे ठाऊक होतं. मला एकट्यालाच नव्हतं. वाईट वाटलं नाही, उलट हलकं वाटलं. मग वडिलांनी झाकलेल्या शब्दांबद्दल विचारलं ती गोष्ट खरी होती का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, खरी आहे की. दोन्ही खरं आहे.

त्यानंतर मालक रोज वाजवायला लागला, अगदी हळू. दुकानात काउंटरमागे लाकडी गिटार ठेवली. सोयाबीनचं बियाणं विचारायला आलेला माणूस समोर उभा आणि हा डोळे मिटून एकच जागा घोळवतोय, असं मी स्वतः पाहिलंय. गिऱ्हाईकं थांबायची. एक-दोघं बाकावर बसून ऐकायचीसुद्धा.

हॉस्टेलची पोरं परत आली नाहीत. थोडीफार आली असतील, आमच्या लक्षात आलं नाही. पण फाट्याचं गाणं शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला लागलं. जे जे कुठल्यातरी फाट्यावर गाडीची वाट बघत उभे असतात त्यांनी ते एकमेकांना पाठवलं. सेलू, पाथरी, जिंतूर, कुठून कुठून मॅडमना निरोप यायचे. झरीत त्यांच्या वडिलांनी ते पेटीवर बसवलं, चाल थोडी त्यांच्या पद्धतीने फिरवून. मॅडम म्हणतात, त्यांच्या तोंडी ते जास्त बरं वाटतं.

मागच्या गाळपाच्या दिवसांत मी कालव्याच्या कामाने गंगाखेडकडे गेलो होतो. कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची लांब रांग. एका ट्रॅक्टरवर मडगार्डएवढे स्पीकर, त्यावर आमचं फाट्याचं गाणं चाललेलं, एवढ्या जोरात की ट्रॉलीतली वाळलेलं पाचट थरथरत होतं. ड्रायव्हर ट्रॉलीच्या सावलीत तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. त्या आवाजात त्याला झोप कशी लागली कोण जाणे.

मी मालकाला फोन लावला आणि मोबाइल तसाच धरून उभा राहिलो. त्याने गाणं संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, “बेस लय वाढवलाय रे त्यानं. उठला की कमी करायला सांग.” सांगतो म्हणालो. तेवढ्यात त्याच्याकडे कुणीतरी हरभऱ्याचं औषध मागायला आलं आणि त्याने फोन ठेवला.