समोरची खुर्ची

ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की ते आधी मागच्या खोलीत जातं. लेखक कोण, विषय काय, पुस्तक कोणत्या कपाटात बसायचं, हे तिथे ठरतं आणि संगणकात त्याची नोंद होते. त्या खोलीत समोरासमोर दोन टेबलं होती आणि दंडक एकच: एकीनं नोंद करायची, दुसरीनं तपासायची. दुसरीची नजर फिरल्याशिवाय पुस्तक बाहेर जात नसे. दोघींपैकी बाई विभागप्रमुख होत्या, तरी त्या एकमेकींना 'समोरची' म्हणत आणि एकमेकींच्या चुका काढण्यात त्यांना भारी गोडी वाटे.

मग समोरची निवृत्त झाली. ग्रंथपाल म्हणाले, जागा भरू, जरा दम धरा. बाईंनी दम धरला आणि दोघींचं काम एकटीनं ओढलं, तेही असं की एक पुस्तक रखडलं नाही. इथेच त्यांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. जागेचा विषय काढला की ग्रंथपाल म्हणत, "तुम्ही असताना दुसरं माणूस कशाला?" बाईंना राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. आज केलेली नोंद त्या दुसऱ्या दिवशी समोरच्या खुर्चीत बसून तपासत, जणू दुसऱ्याच कोणाची आहे. पण आपलाच हात आपल्याला परका कसा वाटणार?

एके दिवशी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ दारात आले.

"नोंदी तुम्हीच करता ना? तुमच्या संगणकात मी वारलोय. निदान आमच्या घरी तरी कळवायचं."

बाईंनी नोंद उघडून पाहिली. या गृहस्थांनी दगडांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्याच नावाचा एक नाटककार कधीच गेला होता. बाईंनी दोघांना एक करून नाटककाराचं मृत्युवर्ष यांच्या नावापुढे लावलं होतं. सारखं नाव दिसलं की थांबायचं, ही त्या खोलीतली पहिली शिकवण, आणि ती नव्यांना देत आल्या होत्या त्या बाईच. म्हातारे हसत होते. बाईंनी त्यांच्यासमोरच ते वर्ष पुसून टाकलं.

संध्याकाळी घरी हे ऐकून धाकटी बहीण शिवणयंत्र थांबवून म्हणाली, "दुरुस्त केलंस ना? मग गप्प बस. कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

"सांगून काय मिळणार तुला? इतक्या वर्षांचं नाव घालवशील."

बाईंनी ताट तसंच सरकवलं. त्या नावाखेरीज त्यांनी आयुष्यात दुसरं काही मिळवलं नव्हतं, हे बहिणीला ठाऊक होतं.

सकाळी त्या ग्रंथपालांपुढे उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं. ग्रंथपाल हसले. "एखादी चूक व्हायचीच हो."

"एखादी नाही, साहेब. ते लेखक स्वतः चालत आले म्हणून कळलं. नोंद चुकली की वाचकांना पुस्तक सापडत नाही, ते इथे नाहीच असं समजून निघून जातात. ते सांगायला येत नाहीत. मी एकटी असले की चुकते."

ग्रंथपालांचं हसू ओसरलं. जागा मंजूर झाली, पण जाहिरात निघाली ती विभागप्रमुखाची. "तुम्हीच म्हणालात, चुकते म्हणून," ते नजर टाळत म्हणाले. बाईंना ते लागलं, फार लागलं. तरी त्या मुलाखती घ्यायला बसल्या. प्रत्येकाला त्यांनी एकच विचारलं: तुमची शेवटची चूक कोणती? बहुतेकांना आठवेना. एक मुलगी मात्र लाल होत सांगत राहिली. एकीतून दुसरी चूक निघाली, तिसरीही निघाली. बाईंनी तिच्यासाठी हट्ट धरला.

ती रुजू झाली त्या दिवशी बाईंनी आपलं टेबल रिकामं केलं आणि चष्म्याचं घर घेऊन समोर जाऊन बसल्या. मुलगी अवघडली. दुपारपर्यंत तिनं तीन पुस्तकांच्या नोंदी केल्या, पण ती पुस्तकं पुढे सरकवायचा तिला धीर होईना.

"बाई, तुम्ही इतक्या मोठ्या. तुम्हाला तपासायला कसं देऊ?"

"दे इकडे. आणि बाई काय म्हणतेस? मी तुझी समोरची."

पहिल्याच नोंदीत त्यांना एक चूक सापडली. किती दिवसांनी दुसऱ्या कोणाची चूक त्यांच्या हाती आली होती. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसून पुन्हा लावला.